तीनशे प्रश्नावल्या की पंधरा मुलाखती?

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यात समाजकार्य विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर काम करायचंय. गाईडचं म्हणणं, तीनशे प्रश्नावल्या भरून घे, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींत संबंध आहे का हे बघायची चाचणी) लाव; नुसत्या मुलाखतींवर आर.आर.सी., म्हणजे विद्यापीठाची संशोधन मान्यता समिती, प्रस्ताव पास करणार नाही. तिला स्वतःला वाटतं की हा विषय आकड्यांत मावणारा नाही, दहा-पंधरा बायकांशी निवांत बोलायला हवं. तर संख्यात्मक पद्धत घ्यावी, गुणात्मक घ्यावी, की दोन्ही?

ग्रामीण आरोग्याच्या पाहण्यांमध्ये मी बरीच वर्षं काढली, तक्ते करण्याच्या बाजूनेही आणि टेप लावून बसण्याच्या बाजूनेही. म्हणून आधी स्पष्ट सांगतो. गाईडच्या तीनशे प्रश्नावल्या आणि तुमच्या मनातल्या पंधरा मुलाखती, आज जशा आहेत तशा दोन्ही बिनकामाच्या आहेत. कारण शेवटी तुम्हाला म्हणायचंय काय, हे दोन्हींत कुठेच नाही. ‘ऊसतोड बायकांच्या आरोग्याचा अभ्यास’ हे विषयाचं नाव झालं. त्यावरून पद्धत ठरत नाही.

एक काम करा. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात जे एक वाक्य छातीठोकपणे लिहायला मिळावं असं वाटतं, ते आजच लिहून काढा. मग विचार करा, हे वाक्य खोडून काढायला कोण उठेल आणि त्याच्यापुढे तुम्ही काय ठेवाल. उदाहरणार्थ, वाक्य असं असेल: ‘ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत, त्याच गावातल्या आणि त्याच वयाच्या पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांपेक्षा, गर्भाशय काढण्याचं प्रमाण जास्त आहे.’ समोरचा विचारणार, जास्त म्हणजे किती, आणि कशावरून? त्याला मोजणीच दाखवावी लागेल. किंवा वाक्य असं असेल: ‘अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचते, त्या वाटेवर तिचा स्वतःचा निर्णय फारसा कुठे नसतो.’ इथे तीनशे काय, तीन हजार टिकमार्कांनीही काम होणार नाही. इथे एकेका बाईची वाट पायरी-पायरीने मांडावी लागेल. गाईडशी ‘संख्यात्मक की गुणात्मक’ असा वाद घालण्यापेक्षा ही वाक्यं टेबलावर ठेवा. बोलणं पटकन मुद्द्यावर येतं.

आता आकड्यांचं. या विषयावरचा सगळ्यांत मोठा आकडा आपल्याकडे आधीच आहे. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे जवळपास १७ टक्के. तुम्ही तीनशे बायकांना विचारून पुन्हा ‘किती टक्के’ एवढंच काढणार असाल, तर ब्याऐंशी हजारांच्या पाहणीत तुम्ही नेमकी काय भर घालणार?

आणि या आकड्याशेजारी नेहमी ठेवला जातो तो दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबद्दल पहिल्यांदाच विचारलं गेलं आणि देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के निघालं. १७ विरुद्ध ३.२ म्हटलं की बातमी तयार होते. संशोधकाने मात्र तिथे थांबायला हवं. पंधरा-वीस वर्षांच्या मुलींचं गर्भाशय सहसा काढलेलं नसतं. त्या राष्ट्रीय पाहणीच्या छेदात बसलेल्या आहेत आणि टक्केवारी खाली ओढतात. कोयता घेऊन जाणाऱ्या बायकांच्या गटात वयाची वाटणी तशीच असेल असं धरून चालता येत नाही. फरक खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो बराच मोठा असणार असंच मलाही वाटतं. पण तो किती, हे वयोगट जुळवल्याशिवाय कळणार नाही, आणि ते जुळवणं हेच तुमच्या संख्यात्मक भागाचं खरं काम होऊ शकतं. एकाच गावात, एकाच वयोगटात, ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या.

मग तीनशे हा आकडा आला कुठून? बहुतेक प्रबंधांत तो एकतर आधीच्या प्रबंधातून येतो, नाहीतर नमुना किती मोठा घ्यावा हे सांगणाऱ्या क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून येतो. तो तक्ता डोळे मिटून उतरवायची आपल्याकडे रीतच पडली आहे, आणि लोकसंख्या मोठी असली की त्यात ३८४ हेच उत्तर मिळतं. हे ३८४ येतं ते प्रमाण ५० टक्के धरून, ५ टक्के इकडे-तिकडे चालतील असं मानून आणि नमुना निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडलाय असं गृहीत धरून. तुमच्या बाबतीत यातलं पहिलंही खरं नाही आणि शेवटचंही नाही. प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आहे. तुम्ही चिठ्ठ्या टाकणार नाही, गावं निवडणार आणि गावात शिरून घरं घेणार. एका गावातल्या बायका एकाच डॉक्टरकडे जातात, एकाच मुकादमाच्या (मजूर जमवून कारखान्यावर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) टोळीत असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकमेकींसारखी येतात. अशा वेळी तीनशे बायकांत माहिती दीडशे बायकांइतकीच असू शकते. हिशेब करून बघा. १७ टक्क्यांचं उत्तर ११ ते २३ टक्के असं पसरट होतं. तीनशेंत ऑपरेशन झालेल्या मिळतील पन्नासएक. त्यांना लग्नाचं वय, शिक्षण, किती वर्षं कोयता चालवला अशा रकान्यांत वाटलंत की एकेका चौकटीत चार-पाच बायका उरतात. मग काय-स्क्वेअर लावायला हरकत नाही, फक्त त्यावर विश्वास ठेवू नका.

त्यात आणखी एक गंमत. गाईड जे ‘सगळे क्रॉस-टेबल काढून बघ’ म्हणतात, त्यात वीस तक्ते काढले आणि खरा संबंध एकातही नसला, तरी निदान एका ठिकाणी ०.०५ च्या खालचा, म्हणजे ‘संबंध आहे’ असं म्हणायला लावणारा, आकडा योगायोगाने येण्याची शक्यता चौसष्ट टक्के आहे. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्या एका तक्त्यावर अर्धा तास बोललं जातं.

दोन गटांची तुलना करायची तर किती बायका लागतील? ऊसतोडीला जाणाऱ्यांत १७ टक्के आणि न जाणाऱ्यांत समजा ८ टक्के धरू (हे ८ मी हिशेबापुरते धरले आहेत). नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात २०८ लागतात. गावागावाने नमुना घेतल्यामुळे तो दुप्पट करा, म्हणजे दोन्ही मिळून आठशेच्या वर. एकट्या विद्यार्थिनीला हे जमेल का? मला वाटतं जमेल, पण तीस गावांत दहा-दहा प्रश्नावल्या टाकत फिरून नाही. तीन गावं घ्या आणि त्या गावांतली २५ ते ४९ वयाची एकूण एक बाई मोजा. दोनेक हजार वस्तीच्या गावात अशा बायका साधारण तीन-साडेतीनशे निघतात. प्रश्नावली एका पानाची ठेवली तर एका घरी दहा मिनिटं पुरतात.

सबंध गाव मोजायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची घरं, जमिनी, कर्जं मोजून काढली आणि १९१७ साली ती पाहणी छापली. आज त्या गावात टॉवर उभे आहेत, पण दख्खनच्या एका गावात शेताचे तुकडे किती बारीक झाले होते हे कळायला लोक अजूनही ती उघडतात. पूर्ण गाव मोजलं की ‘नमुना कसा निवडला’ हा प्रश्नच उरत नाही. उलट एक मर्यादा येते, ती सरळ मान्य करायची: तुमचं विधान त्या तीन गावांबद्दल असेल, बीड जिल्ह्याबद्दल नसेल. जिल्ह्याचा आकडा सरकारकडे आहेच. गावाच्या आतली तुलना मात्र ब्याऐंशी हजारांतही नाही, कारण त्या सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्याच बायका होत्या.

गावं निवडताना शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा वेगवेगळ्या तालुक्यांतली घ्या, एक खासगी दवाखान्यांच्या गावाला लागून आणि एक बरंच आत. पेपरात, चॅनेलवर गाजलेली गावं टाळा. तिथल्या बायकांनी इतक्या जणांना तेच तेच सांगितलंय की त्यांची उत्तरं घोटीव झालेली असतात. ऊसतोड कामगार महामंडळाकडच्या नोंदणीची यादी हाताशी असू द्या, पण तिच्यावरून नमुना काढू नका. ज्यांची नोंदणी झाली तेच त्या यादीत असतात.

इथपर्यंत मोजणीच्या बाजूने बोललो. आता मोजायच्या आधी काय लागतं ते बघू, कारण प्रश्नावली बिघडते ती टेबलावर बसून लिहिल्यामुळे. तुमच्या मसुद्यात पहिल्याच पानावर ‘उत्तरदात्याचे मासिक उत्पन्न’ असणार. शंभरातल्या नव्वद प्रबंधांत असतं. ऊसतोडीत बाईला मासिक उत्पन्न नसतं. करार कोयत्याचा होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, दसऱ्या-दिवाळीच्या आधी, लाखाच्या घरात. हंगामभर टनावारी काम करून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. आजारपणामुळे एक दिवस गेला तर खाडा धरतात आणि पाचशे-हजार कापतात, तेही कोयत्याचे. या हिशेबात ‘तुमचं महिन्याचं उत्पन्न किती’ याला बाई जो आकडा सांगेल तो तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगेल. एसपीएसएसला हे कळत नाही. तो त्याची सरासरी काढून देतो, दोन दशांश स्थळांपर्यंत.

दुसरी जागा ऐन विषयाचीच. ‘तुमचं ऑपरेशन झालंय का?’ या प्रश्नाला गावातली बाई ‘व्हय, झालंय’ म्हणते आणि तिच्या मनात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन असतं. गर्भाशयाचं विचारायचं तर ‘पिशवी काढलीय का?’ असं विचारावं लागतं. त्यातही काही जणींची पिशवी खाली आली होती आणि नुसते टाके घातले, काही जणींची गाठ काढली. ती बाई आणि तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींवर ‘हो’ म्हणत असाल तर पुढचं सगळं गणित वाया. म्हणून शक्य तिथे कागद बघायला मागा. बहुतेक घरांत तो मिळतो: पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि कधी कधी रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं एकत्र. त्यात ऑपरेशनची तारीख असते, दवाखाना असतो, आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली का, हेही असतं. ते बाईला अनेकदा ठाऊक नसतं. पुढच्या आयुष्यातल्या तिच्या तब्येतीच्या दृष्टीने ती फार मोठी बाब आहे, आणि तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या बाबतीत तर फारच.

पाच पर्यायांची ती ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ पट्टी मात्र वापरू नका. दिवसभर राबलेल्या बाईपुढे तुम्ही चाळीस विधानं वाचता आणि ती प्रत्येकाला मान डोलावते. मग क्रोनबाख अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.९ च्या पुढे जातो आणि प्रबंधात लिहिलं जातं की मापनसाधन अत्यंत विश्वासार्ह आहे.

या सगळ्यासाठी आधी मुलाखती लागतात. पहिल्या सात-आठ मुलाखतींचा उपयोग प्रश्नावलीची भाषा आणि रकाने ठरवण्यासाठीच करा. प्रबंधात या टप्प्याचं नाव काहीही द्या, पण तो वगळू नका.

गुणात्मक भागाचं आता जरा सविस्तर, कारण तुमचा ओढा तिकडे आहे आणि ती बाजू सोपी समजली जाते. ‘दहा-पंधरा बायकांशी निवांत बोलणं’ ही पद्धत नव्हे. पहिला प्रश्न, कोणत्या बायका? तुमच्या मनात, मला वाटतं, सगळ्या ऑपरेशन झालेल्या असणार. तसं केलंत तर घोटाळा होईल. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीच्या गोष्टीत पांढरं जाणं असेल, पाळीत कोपीबाहेर (कारखान्यावरच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर) आडोसा नसणं असेल, मोळ्या उचलणं असेल, खाड्याची भीती असेल. तुम्ही म्हणाल, ही कारणं. पण हेच सगळं भोगलेल्या आणि तरी पिशवी न काढलेल्या बायका त्याच टोळीत आहेत. त्यांना काय झालं? एखादीची सासू आडवी आली, एखादी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि गोळ्यांनी बरी झाली, एखादीकडे पैसेच नव्हते. कारण काय, हे या बायकांना भेटल्याशिवाय कळत नाही. म्हणून निम्म्या मुलाखती यांच्या. त्यात दोन-तीन ऊसतोडीला न जाणाऱ्या पण ऑपरेशन झालेल्या घ्या, शिवाय आशाताई, मुकादम, आणि बोलायला तयार झाला तर एखादा डॉक्टर. दुसरी बाजू ऐकायची म्हणून डॉक्टर नको. सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं की ऑपरेशन सांगितलं जातं, हे तोच सांगू शकतो.

दुसरा प्रश्न, विचारायचं काय? ‘पिशवी का काढली?’ असं थेट विचारलं की तयार उत्तर येतं: डॉक्टर म्हणाले, नाही काढली तर कॅन्सर होईल. हे खोटं नसतं. पण ती वाटेच्या अगदी शेवटची पायरी असते. त्याऐवजी म्हणा, ‘पहिल्यांदा त्रास जाणवला तेव्हापासून सांगा’, आणि मग ‘त्यानंतर?’ एवढंच विचारत राहा. तेव्हा कुठल्या साली, कुठल्या कारखान्यावर, किती महिने अंगावर काढलं, कोणाला सांगितलं, गावाकडे आल्यावर कोणत्या दवाखान्यात गेलो, पहिल्यांदा काय दिलं, सोनोग्राफी कोणी करायला लावली, पैसे कोणाकडून आणले, ‘करून टाक’ कोण म्हणालं, आणि किती दिवसांनी परत मोळी उचलली, हे क्रमाने बाहेर येतं. सालं आठवत नाहीत. तिथे थोरल्याच्या लग्नाआधी की नंतर, कोरोनाच्या आधी की नंतर, असे खुंटे वापरा. २०१९ च्या आधी की नंतर हे तर नक्की लावून घ्या. कारण त्या वर्षापासून बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, तेव्हा नंतरच्या वाटा वेगळ्या असू शकतात. शेजारच्या जिल्ह्यात जाऊन केलेलं ऑपरेशनही त्यातच येईल.

अशा क्रमवार गोष्टी ऐकताना एक अशी शक्यता पुढे येते, जी तक्त्यात कधीच दिसणार नाही. तक्ता सांगतो, ऊसतोडीला जाणाऱ्यांत ऑपरेशन जास्त. आपण लगेच बाण काढतो: ऊसतोडीमुळे ऑपरेशन. पण एखाद्या घरात आधी ऑपरेशन झालं, त्यासाठी व्याजाने पैसे काढले, ते फेडायला उचल घेतली आणि तेव्हापासून कोयता हातात आला, असंही असू शकतं. तिथे बाण उलटा. मुलाखतीत हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं. पण अशी घरं शंभरात किती, हे मुलाखत सांगू शकत नाही. त्यासाठी परत प्रश्नावलीत एक साधा रकाना घालावा लागतो: पहिल्यांदा ऊसतोडीला गेलात ते साल, आणि ऑपरेशनचं साल. दोन्ही पद्धती घेण्याचं समर्थन म्हणून मला एवढं एकच उदाहरण पुरेसं वाटतं.

मुलाखती किती? ग्वेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ साली पश्चिम आफ्रिकेतल्या साठ बायकांच्या मुलाखती तपासून दाखवलं होतं की बाराव्या मुलाखतीपर्यंत बहुतेक मुद्दे येऊन जातात. तेव्हापासून ‘बारा पुरे’ असं सगळे म्हणतात. पण त्या बायका एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या होत्या आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते. तुमच्याकडे तीन-चार वेगळे गट आहेत, म्हणजे बारा एकूण नव्हे. पंचवीस ते तीस धरा. त्यांचा वेळही धरा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास जातात, बोलणं तांड्यावरच्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, असेल तर त्याहून जास्त, आणि मदतीला तिथलीच मुलगी लागेल. मुलाखती कारखान्यावरच्या कोपीत घ्यायच्या की गावी, यावर माझं मत ठाम आहे: गावी. कोपीत आडोसा नाही, मुकादम दहा पावलांवर असतो, बाई पहाटे चारपासून उभी असते आणि गाडी भरायला रात्री केव्हाही बोलावणं येतं. तिथे जा जरूर, दोन-चार दिवस राहा, बघा, वहीत टिपा, पण टेप बाहेर काढू नका. संस्थेच्या नीतिसमितीपुढे प्रस्ताव नेताना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघालच. त्यांत न लिहिलेली एक अडचण म्हणजे, पिशवी काढल्याचं काही जणींनी सासरच्यांना पूर्ण सांगितलेलं नसतं. जावेसमोर मुलाखत नको.

मग या मजकुराचं करायचं काय? इथे मी बरेच गुणात्मक प्रबंध कोसळताना पाहिले आहेत. तीस मुलाखती होतात, आणि निष्कर्षाचं प्रकरण येतं ते असं: आर्थिक कारणे, सामाजिक कारणे, आरोग्यविषयक कारणे, अज्ञान. ही चार शीर्षकं पुण्यात बसून, कोणालाही न भेटता लिहिता आली असती. एनव्हिवो या सॉफ्टवेअरमध्ये मुलाखतींचं कोडिंग केल्याने यात फरक पडत नाही. त्यापेक्षा प्रत्येक बाईसाठी एक आडवा कागद घ्या आणि वर सांगितलेल्या पायऱ्या डावीकडून उजवीकडे मांडा. तीस कागद भिंतीवर लावा. कोणती पायरी ऑपरेशन झालेल्यांच्या कागदावर येते आणि न झालेल्यांच्या कागदावर येत नाही, हे शोधायचं. माझा अंदाज असा की फरक ‘पहिला दवाखाना कोणता’ आणि ‘गोळ्या देऊन थांबायला सांगितलं का’ या दोन ठिकाणी सापडेल. पण हा अंदाज आहे. तो चुकीचा ठरवणारे दोन-तीन कागद मुद्दाम शोधा आणि ते प्रबंधात छापा.

दोन्ही पद्धती एकाच प्रश्नावर कशा लागतात याचा जवळचा दाखला गडचिरोलीचा आहे. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले: ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. लोकसंख्या नियंत्रणापलीकडे बायकांच्या दुखण्याकडे बघायला या आकड्याने भाग पाडलं. पण ९२ टक्के हे कळल्यावरही त्या बायका पांढरं जाण्याला काय समजतात, त्याचं कारण काय सांगतात, दवाखान्यात का जात नाहीत, हे त्यांनी वेगळं, बोलून, ऐकून नोंदवलं आणि नंतर स्वतंत्रपणे छापलं. तिथे कोणी ‘आमची पद्धत मिश्र आहे’ असं म्हणायच्या मागे लागलं नव्हतं.

म्हणून ‘दोन्ही चालतं का’ याला माझं उत्तर: चालतं, पण दोन्ही भागांचं एकमेकांशी काम पडलं पाहिजे. पहिल्या मुलाखतींमधून प्रश्नावली निघावी, प्रश्नावलीतून पुढच्या मुलाखतींसाठी बायका निवडल्या जाव्यात, आणि शेवटी दोन्हींचं पटत नसेल तर ते लपवू नये. प्रकरण चारमध्ये टक्केवारी आणि प्रकरण पाचमध्ये ‘केस स्टडी’, असं एकमेकांना न ओळखणारं जोडपं एका पुठ्ठ्यात बांधायचं असेल तर त्यापेक्षा एकच पद्धत नीट करा. एकच करायची आणि वेळ-पैसा दोन्ही कमी असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे: मुलाखती करा, कारण मोठी मोजणी झालेली आहे आणि वाटांचा नीट मांडलेला अभ्यास जास्त उपयोगी पडेल. मात्र शीर्षकात ‘प्रमाण’ आणि ‘परिणाम’ हे शब्द नकोत.

आर.आर.सी.बद्दल. ‘सँपल लहान आहे’ असं कोणी म्हणालं तर तीन गावांतल्या सर्व बायका, हजाराच्या आसपास, असं सांगा. ‘गृहीतक कुठे आहे’ म्हणाले तर गावातल्या दोन गटांच्या तुलनेचं एक गृहीतक द्या, एकच. मुलाखतींच्या भागाला गृहीतक लावायचा आग्रह झाला तर त्या जागी संशोधन प्रश्न लिहा. बहुतेक समित्यांना कागदावर त्या रकान्यात काहीतरी हवं असतं. गाईडना काय-स्क्वेअर हवाय तर तो एका तक्त्यावर लावू द्या, वयोगट पाडून. त्यात त्यांचाही मान राहतो आणि तुमचंही काही बिघडत नाही.

वेळापत्रक उसावर ठरतं, विद्यापीठाच्या सत्रावर नाही. बायका गावी परततात मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळा लग्नसराईत जातो, पाऊस पडला की पेरणी. तुमचे खरे महिने जुलै ते सप्टेंबर. पहिल्या मुलाखती जुलैत, घरयादी आणि प्रश्नावली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण दसऱ्यानंतर निम्मं गाव रिकामं होतं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूर-सांगलीकडे टोळीवर जाऊन या, आणि पुढच्या पावसाळ्यात निवडक बायकांच्या दुसऱ्या मुलाखती घ्या. घरयादी करताना काही घरांना पावसाळ्यातही कुलूप दिसेल. त्यांना ‘घर बंद’ लिहून पुढे जाऊ नका. शेजारी विचारा. कोणी चाकणला कंपनीत गेलेलं असेल, कोणी कारखान्याच्या बाजूलाच कायमचं राहिलेलं असेल, आणि एखाद्या घरातली बाई आजारपणामुळे माहेरी असेल. तिचं नाव यादीत यायला हवं आणि जमलं तर तिला माहेरी जाऊन भेटायला हवं.